राजवाडा उभा, पूल आडवा

बडोद्याच्या उत्तर वेशीवर छाणी आहे. जैन मंदिरे आणि हस्तलिखितांच्या भांडारासाठी ओळखले जाणारे हे गाव आता महानगरात विरघळून गेले आहे. जकात इतिहासजमा झाली, तरी ‘छाणी जकात नाका’ हे नाव लोकांच्या तोंडी टिकून आहे. या नाक्यावरून सकाळी निघालेले वाहन दिवसभरात लक्ष्मी विलास राजवाडा, आजव्याचे कारंजांचे उद्यान आणि खंभातच्या आखातावरचे कंबोई गाव दाखवून रात्री परत येऊ शकते. कोकण रेल्वेने मडगावहून बडोद्याला थेट पोहोचता येते. शिवाय गायकवाडांचे हे संस्थान मराठी मनाला परके नाही. ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१८ साली तेथेच भरले होते. त्यामुळे अशी सहल गोमंतकीय पर्यटकालाही मोहात पाडणारी आहे. मात्र गेल्या काही वर्षांत याच परिसरात जे घडले, ते पाहता या सहलीकडे केवळ प्रेक्षणीय स्थळांची यादी म्हणून पाहता येणार नाही.

राजवाड्यापासूनच सुरुवात करावी. चार्ल्स मँट या वास्तुविशारदाने आराखडा केला, त्याच्या निधनानंतर रॉबर्ट चिझम याने काम पुढे नेले आणि १८९० मध्ये लक्ष्मी विलास पूर्ण झाला. राजा रविवर्म्याची चित्रे आजही तेथे आहेत. आवारातील नवलखी विहीर तर राजवाड्याहून काही शतके जुनी आहे. गायकवाड कुटुंबाचे वास्तव्य या वास्तूत असून तिचा काही भाग तिकीट घेऊन पाहता येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सी-२९५ विमानांच्या कारखान्याचे उद्घाटन झाले, तेव्हा स्पेनच्या पंतप्रधानांचे आदरातिथ्यही येथेच झाले. मकरपुरा राजवाडा हवाई दलाकडे गेला, प्रताप विलासमध्ये रेल्वेचे प्रशिक्षण सुरू झाले आणि दोन्ही वास्तू वापरात राहिल्या. ज्या वास्तूला रोजचा वापर असतो आणि जिच्यासाठी कोणाला तरी उत्तर द्यावे लागते, ती टिकते, हा साधा नियम येथे दिसतो.

हाच नियम पाण्यालाही लागू होतो. तिसऱ्या सयाजीरावांच्या कारकिर्दीत, १८९२ च्या सुमारास, शहराच्या पूर्वेला आजव्याचा तलाव बांधून झाला. आज पर्यटक तेथे जातो तो म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर फुलवलेल्या बागेसाठी आणि रंगीत कारंजांसाठी. तलाव मात्र शोभेसाठी खोदलेला नव्हता. तो शहराला पिण्याचे पाणी देण्यासाठी होता आणि सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही बडोद्याचा काही भाग त्याच पाण्यावर अवलंबून आहे. उपयुक्तता आधी आणि सौंदर्य नंतर, असा त्या काळच्या प्रशासनाचा क्रम होता.

पुढच्या काळात हा क्रम उलटला की काय, अशी शंका घ्यायला जागा आहे. १८ जानेवारी २०२४ रोजी शहरातील हरणी तलावावर शाळेची सहल आली होती. क्षमतेपेक्षा अधिक मुले बसवलेली बोट उलटली आणि १२ विद्यार्थी व दोन शिक्षिका बुडाल्या. अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटेही नव्हती. तलावाचे सुशोभीकरण झाले होते, करमणुकीची साधने होती, तिकीटही होते. नव्हती ती बोटीत किती जण बसले हे मोजणारी यंत्रणा. गुजरात उच्च न्यायालयाने या दुर्घटनेची स्वतःहून दखल घेतली आणि तलावाचे कंत्राट देण्याच्या पद्धतीवरच प्रश्न उपस्थित केले.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीने ३५ फुटांची पातळी ओलांडली. शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला, वस्त्यांत मगरी शिरल्या. आजव्यातून वाहणारे जादा पाणी शेवटी याच नदीला मिळते. शतकापूर्वी आखलेली जलव्यवस्था अजून काम करते आहे. तिच्या खालच्या अंगाला नदीचे पात्र आणि पूरक्षेत्र मोकळे राहील, हे गृहीतक मात्र शहराच्या वाढीने मोडून टाकले.

सहलीचा शेवटचा टप्पा पश्चिमेचा. पादरा आणि जंबुसर मागे टाकले की कंबोई येते. येथील स्तंभेश्वर महादेवाचे मंदिर भरतीच्या वेळी दिवसातून दोनदा समुद्रात बुडते आणि ओहोटीला पुन्हा मोकळे होते. गोव्याच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील फरक सुमारे दोन मीटरचा असतो. खंभातच्या आखातात, भावनगरच्या बाजूला, तो दहा मीटरच्या घरात जातो. मार्च १९३० मध्ये दांडीकडे निघालेल्या गांधीजींना मही ओलांडताना याच पट्ट्यातील चिखल तुडवावा लागला होता. येथे वेळापत्रक समुद्र ठरवतो आणि गावकरी ते पाळतात.

परंतु या गावांकडे फक्त पर्यटकच जात नाहीत. छाणीच्या पश्चिमेला कोयलीचा तेलशुद्धीकरण प्रकल्प, खत कारखाना आणि नंदेसरीची रासायनिक वसाहत आहे. या पट्ट्यातील उद्योगांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी धनोऱ्यापासून सुमारे ५५ किलोमीटरच्या कालव्याने जंबुसर तालुक्यातील सारोदपर्यंत जाते आणि तेथे महीच्या मुखाला मिळते. कालव्याकाठच्या गावांतून भूजल दूषित झाल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत. शुद्धीकरण यंत्रणा चालत नसेल तर कारखाना चालवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये बजावले, ते बडोद्यातीलच पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवर. सहलीला निघालेला प्रवासी आणि शहराचे सांडपाणी एकाच दिशेने प्रवास करतात. गावाच्या वाट्याला प्रवाशाचे काही तास येतात आणि सांडपाणी बारमाही.

या साऱ्यावर कडी केली ती ९ जुलै २०२५ च्या सकाळने. पादरा तालुक्यातील मुजपूर आणि आणंद जिल्ह्यातील गंभीरा यांना जोडणारा महीवरील पूल कोसळला. वाहने नदीत पडली, किमान २० जणांचा बळी गेला आणि तुटलेल्या टोकावर लटकलेला एक टँकर कित्येक दिवस तसाच होता. पूल १९८५ चा, म्हणजे अवघा ४० वर्षांचा. त्याच्या अवस्थेबद्दल स्थानिकांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. दुर्घटनेनंतर अभियंते निलंबित झाले. तक्रार आली त्या दिवशी वाहतूक थांबली असती, तर त्या निलंबनाची वेळ आली नसती. सव्वाशे वर्षांपूर्वीचा राजवाडा उभा आहे आणि चाळीस वर्षांपूर्वीचा पूल आडवा झाला आहे. हा फरक केवळ चुना, दगड आणि काँक्रीट यांचा नाही. राजवाड्याची भिंत ओलावली तर ती कोणाच्या तरी घराची भिंत असते. पुलाच्या फाइलला तसे घर नसते.

गोव्याने हे दुरून पाहून हळहळावे, अशी स्थिती नाही. जुलै १९८६ मध्ये मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा त्याला पुरती दोन दशकेही झाली नव्हती. मे २०१७ मध्ये सावर्डे-कुडचडे येथील पोर्तुगीजकालीन पादचारी पूल कोसळला, तो वापरासाठी बंद असतानाही त्यावर गर्दी जमली होती म्हणून. डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाइट क्लबच्या आगीत २५ जणांचा अंत झाला आणि परवान्यांचे जुनेच प्रश्न नव्याने पुढे आले. किनाऱ्यावरची गर्दी अंतर्गत भागात वळवावी, नद्या, जुनी घरे आणि गावे पर्यटनाच्या नकाशावर आणावीत, हे धोरण योग्यच आहे. पण प्रत्येक नवी सहल म्हणजे एखाद्या धक्क्यावर, साकवावर किंवा अरुंद रस्त्यावर पडणारा नवा भार असतो, याचा हिशेब त्या धोरणात हवा.

उपाय फार खर्चिक नाहीत. प्रत्येक बोटीवर प्रवासीसंख्या ठळक लिहावी आणि ती मोजण्याची जबाबदारी कंत्राटदाराच्या माणसावर सोडू नये. प्रत्येक पुलाच्या दोन्ही टोकांना शेवटच्या तपासणीची तारीख आणि उत्तरदायी अधिकाऱ्याचे पद लावावे. नागरिकांची तक्रार आली की निर्णय होईपर्यंत अवजड वाहतूक थांबवण्याचा अधिकार स्थानिक पातळीवर असावा. जलक्रीडेच्या तिकिटातील ठरावीक वाटा देखभालीसाठीच राखून ठेवावा. पर्यटन खात्याच्या जाहिरातीत यातले काहीच दिसणार नाही, आणि दिसण्याची गरजही नाही.

सहलीला निघताना माणूस राजवाडा, बाग आणि समुद्र पाहायला निघतो. घरची माणसे मात्र एवढेच पाहत असतात, की गाडी ठरल्या वेळी नाक्यावर परत आली की नाही. हरणीला गेलेल्या मुलांच्या घरीही त्या संध्याकाळी तीच वाट पाहिली जात होती.