चौल बंदराचा धडा

व्यापारात माल मोठा की माणसाचा शब्द, हा वाद आमच्या कापडबाजारात नेहमीचाच. ज्याला त्याचा निकाल हवा असेल त्याने अलिबाग तालुक्यातील चौल-रेवदंडा एकदा पाहून यावे. जालन्याचे आम्ही काही व्यापारी यंदा तेथे जाऊन आलो.

आज तेथे नारळ-पोफळीच्या वाड्या आहेत, त्यांत दडलेला पोर्तुगीजांचा तट आहे, पडका हम्मामखाना आहे. मोठ्या जहाजांचा मागमूस नाही. पण हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे दहाव्या शतकाच्या सुरुवातीस, अरब प्रवासी अल-मसूदी येथे आला तेव्हा हे शहर ‘सैमूर’ नावाने मशहूर होते. येथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. कोणी सिराफचे, कोणी ओमानचे, कोणी बसरा-बगदादचे, तर कित्येक येथेच जन्मलेले. राजा हिंदू होता. तरी मुसलमानांचे तंटे मिटवण्यासाठी तो त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमीत असे. या व्यापाऱ्यांपाशी ना फौज होती ना तोफ; होती ती तराजू आणि जबान.

पुढे पोर्तुगीज आले. १५२१ मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या परवानगीने त्यांनी किल्ला बांधायला घेतला. त्यांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना जवळ नसेल तर समुद्रात जहाज पकडले जाई. बाजार मात्र चालूच होता. त्या काळचा पोर्तुगीज लेखक बार्बोसा सांगतो की, हिवाळ्यात घाटावरून बैलांचे तांडे कापड व धान्य घेऊन उतरत, शहराबाहेर तळ देत आणि परतताना तांबे, पारा घेऊन जात. १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आले, पण तोवर मुंबई वर येत होती. व्यापार तिकडे गेला आणि चौलचे विणकरही गेले.

घाटावरच्या मालाने समुद्र ओलांडणे आम्हाला नवे नाही. आपल्याच जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननात हस्तिदंती मूर्तीचा एक तुकडा निघाला. तसलीच मूर्ती इटलीतील पाँपेई शहरात सापडली आहे. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण उगाच पडली नाही.

आता समुद्र पुन्हा जवळ आला आहे. २०१५ मध्ये जालन्याजवळ ड्राय पोर्टची पायाभरणी झाली, २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झाला. पण रस्ता झाला म्हणजे व्यापार झाला असे नव्हे. आमचे बहुतेक कारागीर अजून मुंबईच्या आडत्याकडे माल टाकतात आणि तो देईल तो भाव घेतात. माल कोणत्या देशी गेला, तेथे किती किमतीला विकला गेला, याची त्यांना खबरही नसते.

म्हणून बंधूंनो, आमची तीन गोष्टींची विनंती आहे. एक, आयात-निर्यात कोड काढा. तो घरबसल्या ऑनलाइन मिळतो. एकट्याला झेपत नसेल तर पाच-दहा कारागिरांनी मिळून संस्था करा. दोन, मुलांना उर्दू-मराठीबरोबर इंग्रजी पत्रव्यवहार आणि हिशेब शिकवा. तीन, नमुना दाखवाल तोच माल भरा. मापात खोट करणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये काय सुनावले आहे, ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. आणि उधारीचे तंटे कोर्टात वर्षानुवर्षे सडवण्यापेक्षा बाजारातच पंच नेमून मिटवा.

बंदरे गाळाने बुजतात, राज्ये बदलतात. ज्याच्या शब्दावर परमुलखातला गिऱ्हाईक आगाऊ रक्कम पाठवतो, त्याची पेढी मात्र कोठेही गेली तरी चालते. ती पत आजपासून जमवायला लागू या.