काउंटरवरचे बोलणे साइटवर का नाही?

कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत गिऱ्हाईक दुकानात शिरले की पहिली पाच मिनिटे सवालजवाबाची असतात. कापशी आहे का? कानवाली दाखवा. करकर वाजणारी हवी. नवी असताना चावेल का? पावसात घातली तर? भावाला अमेरिकेत पाठवायची आहे, नऊ नंबर तिकडचा की इकडचा? दुकानदार जोडावर जोड काढत एकेकाला उत्तर देतो. आधी दोन दिवस घरातच वापरा, पट्ट्याला आतून थोडे तेल लावा, भिजली तर उन्हात टाकू नका, सावलीत वाळू द्या. दोन-तीन पिढ्यांचे मुरलेले ज्ञान असते ते.

आता अशाच एखाद्या दुकानाची वेबसाइट उघडावी. वर सरकणारी तीन चित्रे, त्याखाली ‘वेलकम टू अवर वेबसाइट’, मग ‘गुणवत्ता हीच आमची ओळख’. फोटोंखाली नावे नाहीत. असलीच तर ‘प्रॉडक्ट १’, ‘प्रॉडक्ट २’. कापशी हा शब्द नाही, पुकरी नाही, कान नाही की करकर नाही. ब्राउझरच्या टॅबवर पानाचे शीर्षक काय, तर ‘होम’. आणि मालकाची तक्रार अशी, की एवढे पैसे घालून साइट केली, पण गुगलवर ती सापडतच नाही.

सापडणार कशी? सर्च इंजिनचा कारभार मुळात वाचनाचा आहे. त्याचा रोबो पानापानावर फिरतो, मजकूर वाचतो, कोणते पान कशाविषयी आहे याची भली मोठी सूची करतो आणि कोणी काही विचारले की त्या सूचीतून पाने काढून देतो. ज्या पानावर ‘कापशी’ लिहिलेलेच नाही, ते कापशी शोधणाऱ्याच्या पुढ्यात येण्याची आशा फारशी धरू नये. बाकी तंत्र पुष्कळ आहे, पण ते या साध्या गोष्टीनंतरचे.

मराठी दुकानांची यात आणखी एक खास अडचण आहे, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. साइटचा मजकूर अनेकदा डीटीपीवाल्याकडून आलेला असतो. लग्नपत्रिका आणि हँडबिले ज्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवली जातात, त्यातच तो टाइप केलेला असतो. युनिकोडपूर्व काळातल्या या फॉन्टची गंमत अशी, की पडद्यावर आपल्याला ‘चप्पल’ दिसते, पण संगणकाच्या पोटात रोमन अक्षरे आणि चिन्हांचा निरर्थक खिचडा असतो. मग तो साइटवर नीट दिसत नाही म्हणून त्याचे चित्र करून चिकटवले जाते. किंमत चित्रात, पत्ता चित्रात, फोन नंबरही चित्रात. महत्त्वाचा मजकूर चित्रात कोंडू नका, असे खुद्द गुगलच साइटवाल्यांना सांगते. तोच मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घेणे हे एका दुपारचे काम आहे. त्याच्या जोडीला रोमन लिपीत नाव हवेच, कारण मराठी माणूसही शोधताना बऱ्याचदा ‘कोल्हापुरी’ रोमनमध्येच टाइप करतो.

हे सोडून दुकानदार पैसे घालतो ते भलतीकडेच. ‘तीन महिन्यांत पहिल्या पानावर, गॅरंटीने’ असे सांगणारे फोन आता विमावाल्यांच्या फोनइतकेच नेमाने येतात. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गुगलने आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहून ठेवले आहे. अशा ‘पॅकेज’मध्ये बहुधा दोन गोष्टी असतात. एक म्हणजे पानामागे दडवलेली कीवर्डची यादी. या कीवर्ड टॅगकडे आपण क्रमवारीसाठी बघत नाही, हे गुगलने २००९ मध्येच जाहीर केले. दुसरी म्हणजे इकडून तिकडून विकत घेतलेल्या लिंका. इतर साइट तुमच्याकडे बोट दाखवत असतील तर तुमचे वजन वाढते, ही कल्पना गुगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी शोधनिबंधांतल्या संदर्भांवरून उचलली होती. मग त्या बोटांचाच बाजार भरला. अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या बलाढ्य दुकानसाखळीसाठी अशा हजारो लिंका पेरल्या गेल्याचे फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघडकीस आणले आणि गुगलने तिला निकालांत पार खाली ढकलले. पेनीला तो फटका सोसला. गल्लीतल्या दुकानाला सोसेल?

नकाशावरची नोंद मात्र खरोखर कामाची, आणि फुकट. गुगल बिझनेस प्रोफाइलमध्ये व्यवसायाचा योग्य प्रकार, खरी वेळ, साप्ताहिक सुट्टी, चालू फोन नंबर आणि दुकानाच्या दर्शनी भागाचा फोटो एवढे जरी धड भरले, तरी ‘जवळचे चप्पल दुकान’ शोधणाऱ्याला ते दिसू शकते. विषयाशी मेळ, अंतर आणि दुकानाचा लौकिक या तीन गोष्टींवर तिथला क्रम ठरतो, असे गुगल सांगते. रस्त्याचे अंतर काही कोणाला बदलता येत नाही. उरलेल्या दोन्हींसाठी नोंद ताजी ठेवावी लागते आणि गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांना उत्तरे द्यावी लागतात. भाच्या-पुतण्यांकडून पाच-पाच तारे लावून घेण्याचा उद्योग वाचणाऱ्याला लगेच कळतो.

सगळे खापर दुकानदाराच्या माथी फोडणेही बरोबर नाही. दरवाजा एकाच कंपनीच्या हातात असल्याचा त्रास खराच आहे. शोधनिकालांत आपल्याच सेवेला झुकते माप दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गुगलला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड केला होता. याच कंपनीने छोट्या व्यावसायिकांना फुकट एकपानी साइट करून देण्याची सोय दिली आणि मार्च २०२४ मध्ये त्या साइट बंदही केल्या. ज्यांनी तो पत्ता पाटीवर रंगवून घेतला होता, त्यांना पुन्हा रंगारी बोलवावा लागला असणार. म्हणूनच स्वतःच्या नावाचे डोमेन, वर्षाला हजाराच्या आसपास का पडेना, स्वतःकडेच असावे. तेही डिझायनरच्या नव्हे, मालकाच्या नावावर.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. जून २०२५ मध्ये प्राडा या फॅशन कंपनीने मिलानच्या रॅम्पवर तसलीच चप्पल उतरवली आणि ती जगभर गाजली. त्या दिवसांत अस्सल कोल्हापुरी कशी ओळखायची, कातडे बाभळीची साल आणि हिरड्यात कमावले म्हणजे काय, वेणी हाताने कशी घालतात, असे प्रश्न कोणी विचारले असतील, तर त्यांची उत्तरे चप्पल लाइनीतल्या माणसांपेक्षा चांगली कोण देणार होते? पण ज्याने ती लिहून ठेवली, शोधणारा त्याच्याकडे गेला असणार, मग त्याने आयुष्यात आरी हातात धरलेली असो वा नसो.

लिहायला वेळ कुठे आहे, असे दुकानदार म्हणेल. पण तो रोज लिहितोच आहे. गल्ल्यावर बसून तो व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच त्या उत्तरांचा रतीब घालत असतो: भिजली तर काय करायचे, अंगठा सैल झाला तर दुरुस्ती होते का, पार्सल पुण्याला किती दिवसांत पोचते. गेल्या पावसाळ्यातले ते सगळे निरोप अजून त्याच्या फोनमध्येच असतील.