पुढची नंबरप्लेट कुणाच्या कामाची?



गाडीला पुढून नंबर कशाला, मागचा एक पुरे, असे म्हणणारी शहाणी माणसे आता भेटू लागली आहेत. अमेरिकेतल्या ओहायो राज्याने 1 जुलै 2020 पासून पुढची प्लेट रद्द केली, हा दाखला त्यांच्याजवळ तयार असतो. ओहायोत फुफाटा नसेल. आपल्या जिराईत मुलखात उन्हाळ्यात मातीच्या रस्त्याने जीप गेली की मागे धुळीच्या लोटाशिवाय काही दिसत नाही. मागचा नंबर त्या लोटात जातो. गाडी अंगावर येते ती समोरून, आणि नंबर दिसलाच तर पुढचाच दिसतो.

नाही दिसला तर काय होते, ते माझ्या घरात झाले आहे. 2019 च्या मार्चमध्ये शाळू काढून सायकलने परतणाऱ्या माझ्या चुलतभावाला एका जीपने उडवले. दोन माणसांनी जीप पाहिली. समोर जाडजूड लोखंडी गार्ड आणि त्यावर कसल्याशा पदाची लाल पाटी. नंबर गार्डच्या आड. असल्या पाट्या मिरवणाऱ्या जीपा तालुक्यात ढिगाने. पंचनाम्यात दोन शब्द पडले: अज्ञात वाहन.

या दोन शब्दांची किंमत समजून घ्या. गाडी सापडली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे दावा चालतो. मेलेल्या माणसाचे वय, कमाई, मागे खाणारी तोंडे बघून भरपाई ठरते आणि विमा कंपनीला ती भरावी लागते. गाडी सापडली नाही तर सरकारची ठरलेली रक्कम. तेव्हा ती मृत्यूला 25 हजार आणि गंभीर जखमीला साडेबारा हजार होती. 1 एप्रिल 2022 पासून 2 लाख आणि 50 हजार झाली. वहिनीच्या पदरात 25 हजार पडले, तेही हेलपाटे घालून. गार्ड काढलेला असता तर तिचा दावा उभा राहिला असता.

हे गार्ड बेकायदा असल्याचे केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कळवले होते. पुढे-मागे नंबर लावण्याचा नियम तर 1989 पासून आहे. पण पुढाऱ्याची जीप अडवायला हवालदाराचा हात उठत नाही. तो उठतो तुमच्या-आमच्या मोटारसायकलीवर.

आणि आता सरकारला नंबरप्लेटची आठवण झाली ती कशी? 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या प्रत्येक गाडीने नवी ‘हाय सिक्युरिटी’ प्लेट लावावी. मोटारसायकल आणि ट्रॅक्टरला 450 रुपये, मोटारीला 745, वर जीएसटी वेगळा. राज्याचे तीन भाग पाडून तीन कंपन्यांना वाटून दिले. तुमच्या भागातली कंपनी पसंत नसेल तर दुसरीकडे जायची सोय नाही. 31 मार्च 2025 ची मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली, यावरून कारभार ओळखा. प्लेटला आमचा विरोध नाही. ती सहजी काढता येत नाही, हे चांगलेच आहे. विरोध आहे तो गिऱ्हाईक बांधून ठेकेदाराच्या दावणीला देण्याला. ठरलेल्या मापाची प्लेट चार जणांना बनवू द्या, भाव आपोआप खाली येईल.

आता थोडे आपल्याविषयी. ऊस तोडायला कोल्हापूरकडे जी माणसे येतात ती आपल्याच कापूस-ज्वारीच्या गावची. लेकराबाळांसह ट्रॉलीत बसून येतात. ट्रॅक्टरचा मागचा नंबर ट्रॉलीआड झाकतो. म्हणून मोटार वाहन कायद्याच्या कलम 61 ने सांगितले आहे की ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर शेवटच्या ट्रॉलीवर हवा. किती ट्रॉल्यांवर तो असतो? हंगामात रात्री रस्त्याकडेला उभे राहून मोजून बघा. नंबर नाही, रिफ्लेक्टर नाही, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या. तिच्याखाली आपलाच माणूस सापडला तर पंचनाम्यात तेच दोन शब्द पडतील, आणि ते लिहायला लावणारे आपण असू.

जिल्हा बैठकीत ठराव मांडणार आहोत: पुढचा नंबर झाकणारी प्रत्येक गाडी, मग ती कुणाचीही असो, जागेवर गार्ड उतरवूनच सोडावी, आणि प्लेटसाठी एकच कंपनी ही सक्ती उठवावी. बैठकीला ट्रॅक्टर-ट्रॉलीने येणाऱ्यांनी मागे नंबर घालून यावे. राहिला असेल तर मांडवाच्या दाराशी रंगाचा डबा आणि ब्रश ठेवलेला असेल.