वाचून झाल्यावरचे बोलणे

कादंबरीची समीक्षा, म्हणजे तिची घडण, भाषा आणि परंपरेतील स्थान यांची शिस्तबद्ध चिकित्सा, आणि कादंबरी वाचून सामान्य वाचकाच्या मनात उमटलेली प्रतिक्रिया या दोन गोष्टी वेगळ्या असल्या, तरी दुसरीला कमी लेखण्याचे काही कारण नाही. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः, म्हणजे अंकागणिक थोडी थोडी, प्रसिद्ध झाली. त्यामुळे नायिका यमूचे पुढे काय होणार, हा प्रश्न दोन अंकांमधल्या दिवसांत घरोघर चघळायला मोकळा होता.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) बाबत मतभेद अधिक तीव्र होते आणि ते अजून मिटलेले नाहीत, हे बरेच म्हणायचे. उदाहरणार्थ, पुण्याच्या चांदणी चौकातून पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील भूगावात जुनी घरे आणि नव्या सोसायट्या शेजारी शेजारी आहेत. तेथे खानदेशातून शिकायला पुण्यात येऊन स्थिरावलेला वाचक ‘कोसला’चा नायक पांडुरंग सांगवीकर याच्या वसतिगृहातील दिवसांत स्वतःला शोधील, तर मूळ गावकरी पांडुरंगाच्या गावाकडे परतण्याकडे, आपलेच गाव शहर होत असताना, निराळ्या नजरेने पाहील, आणि पांडुरंगाच्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी कदाचित दोघेही थांबतील.

अशा चर्चेत अर्धवट सोडलेल्या कादंबरीलाही जागा असावी. मात्र ती कोणत्या प्रकरणाशी आणि कशामुळे सोडली, एवढे वाचकाने प्रामाणिकपणे सांगावे.