वजनाचे इंजेक्शन, विम्याचे कलम आणि घरखर्च

वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांबद्दल हल्ली मंडळाच्या कार्यक्रमांत, नाटकाच्या मध्यंतरात, अगदी हळदीकुंकवालाही विचारणा होते. पहिला प्रश्न ‘किती किलो उतरतं?’ हा असतो आणि दुसरा, थोडा आवाज खाली आणून, ‘विम्यात बसतं का?’ पहिल्याचे उत्तर डॉक्टरांनी द्यावे. दुसऱ्याचे उत्तर बहुतेक घरांसाठी ‘नाही’ असेच आहे. मात्र ते ‘नाही’ कुठून येते, आणि मार्च २०२६ नंतर त्याला किती महत्त्व उरते, हे समजून घेण्यासारखे आहे. योगायोग असा की या प्रश्नाच्या दोन्ही किल्ल्या आपल्याच शहरात आहेत. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयचे मुख्यालय २००१ पासून हैदराबादेत आहे, आणि हे औषध स्वस्तात बनवू पाहणाऱ्या डॉ. रेड्डीज आणि नॅटको या कंपन्याही इथल्याच.

आधी औषधाविषयी थोडक्यात. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड ही मुळात मधुमेहाच्या उपचारातून पुढे आलेली औषधे. आठवड्यातून एकदा त्वचेखाली इंजेक्शन घ्यायचे. भूक कमी लागते, थोडक्यात पोट भरते, रक्तातली साखरही आटोक्यात येते. चाचण्यांमध्ये सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास, तर टिर्झेपटाइडच्या मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरले. शंभर किलोच्या माणसाचे पंधरा-वीस किलो, म्हणजे थोडेथोडके नव्हे. शिवाय २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सतरा हजारांहून अधिक रुग्णांच्या एका चाचणीत, आधीच हृदयविकार असलेल्या पण मधुमेह नसलेल्या जाड व्यक्तींमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा त्यातून मृत्यू यांचे प्रमाण सेमाग्लुटाइडने २० टक्क्यांनी घटले. म्हणून हा विषय ‘लग्नाआधी जरा बारीक व्हायचंय’ एवढाच नाही. २०२३ मध्येच आयसीएमआरच्या पाहणीने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे दाखवले. त्यात सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, निघाले. आपल्या मंडळींच्या कंबरेचा घेर आणि साखरेचे रिपोर्ट यांची सांगड काही वेगळी सांगायला नको.

आता पैसे. टिर्झेपटाइड ‘माउंजारो’ या नावाने मार्च २०२५ मध्ये भारतात आले तेव्हा सर्वांत लहान मात्रेची एक कुपी ३,५०० रुपयांना आणि त्यावरची ४,३७५ रुपयांना होती. दर आठवड्याला एक, म्हणजे ४,३७५ च्या हिशेबाने वर्षाचे सव्वादोन लाखांच्या वर. जून २०२५ मध्ये ‘वेगोवी’ म्हणजे वजनासाठीचे सेमाग्लुटाइड आले. सुरुवातीच्या मात्रेला महिन्याला १७,३४५ रुपये. पाच महिन्यांतच कंपनीने किंमत ३७ टक्क्यांपर्यंत उतरवली आणि तीच मात्रा १०,८५० वर आली. डिसेंबरमध्ये ‘ओझेम्पिक’ आले, तेच सेमाग्लुटाइड पण मधुमेहासाठी, आठवड्याला २,२०० रुपयांपासून. दरम्यान सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, तेवढीच फुंकर. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या काचीगुड्यातल्या किंवा सुलतान बाजारातल्या घरात महिन्याला दहा हजारांचे एक औषध म्हणजे काय, हे कागद-पेन्सिल न घेताही कळते. शिवाय अशा घरात हे औषध कोणासाठी आणले जाईल आणि कोण ‘माझं काय, चालतंय’ म्हणत मागे राहील, तेही आपल्याला ठाऊक आहे.

मग विमा. आपल्याकडचा आरोग्य विमा हा मुळात रुग्णालयात दाखल होण्याचा विमा आहे. किमान २४ तास दाखल व्हा, किंवा यादीतली डे-केअर शस्त्रक्रिया करून घ्या, तर पैसे मिळतात. दाखल होण्याआधीच्या आणि घरी आल्यानंतरच्या ठरावीक दिवसांची औषधेही मिळतात, पण ती त्याच आजाराची. घरी बसून दर रविवारी घ्यायचे इंजेक्शन या चौकटीत कुठेच बसत नाही. वजनाचेच कशाला, आयुष्यभर घ्यायच्या रक्तदाबाच्या गोळ्याही तिच्यात बसत नाहीत. फरक इतकाच की त्या गोळ्या शे-दोनशे रुपयांत येतात, म्हणून आजवर कोणी तक्रार केली नाही. ओपीडीचे जादा कवच घेतले असेल तर त्याची वर्षाची मर्यादा बहुधा काही हजारांची असते आणि वजन नियंत्रणाचा खर्च त्यातून अनेकदा वगळलेला असतो. हायटेक सिटीतल्या काही नोकऱ्यांत कंपनीच्या सामूहिक विम्यात ओपीडीचा भाग असतो. तिथे मधुमेहासाठी लिहून दिलेले औषध आणि वजनासाठी लिहून दिलेले औषध यांत फरक केला जातो, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

सगळ्यात विचार करण्यासारखी गोष्ट मात्र पॉलिसीच्या शेवटच्या पानांत सापडते. २०१९ मध्ये आयआरडीएआयने सर्व आरोग्य विम्यांसाठी वगळण्याच्या बाबींची भाषा एकसारखी करून दिली. त्यातले सहावे कलम ‘लठ्ठपणा व वजन नियंत्रण’ या नावाचे आहे. शीर्षक एवढे मोठे, पण आत फक्त शस्त्रक्रियेबद्दल लिहिले आहे. रुग्ण १८ वर्षांवरचा हवा, डॉक्टरांचा सल्ला हवा, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त हवा. अथवा ३५ च्या वर आणि जोडीला हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह हवा. या अटी पुऱ्या झाल्या तर पोटाच्या शस्त्रक्रियेचे काही लाख रुपये विमा कंपनी देते. बीएमआयचे आकडे डोळ्यांसमोर आणायचे तर १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईंचे वजन १०२ किलोंच्या पुढे गेले की ४० होतात. ३५ ला सुमारे ९० किलो, आणि ३० ला ७७ किलो. डॉक्टर ही इंजेक्शने साधारणपणे ३० च्या पुढे, किंवा २७ च्या पुढे आणि सोबत एखादा आजार असल्यास देतात. म्हणजे ७७ किलोंवर उपचार सुरू करता येतो, पण विमा कंपनी दार उघडते ती ९० किंवा १०२ किलोंवर, आणि तेही ऑपरेशनसाठी.

त्याच कलमात आणखी एक अट आहे. ३५ च्या गटातल्या रुग्णाने शस्त्रक्रियेआधी कमी त्रासाचे उपाय करून पाहिलेले असावेत आणि ते फसलेले असावेत. २०१९ मध्ये हे उपाय म्हणजे आहार, चालणे आणि फारशी न चालणारी काही औषधे, म्हणून ती अट तेव्हा वाजवी होती. आज कमी त्रासाच्या उपायांत सर्वांत परिणामकारक उपाय हेच इंजेक्शन आहे. नियम सांगतो की आधी ते करून बघा, पण त्याचा खर्च तुमचा. ते लागू पडले तर तुमचे लाखभर रुपये गेले आणि कंपनीचे काही लाख वाचले. आम्हाला हे उफराटे वाटते. सगळ्यांना सरसकट इंजेक्शनाचे पैसे द्या असे आम्ही म्हणत नाही. तसे केले तर त्याचा भार सर्वांच्या हप्त्यावर पडेल, आणि ज्येष्ठांचे हप्ते आधीच कंबर मोडणारे आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला नसता तर आपल्यातल्या काहींनी नूतनीकरणच सोडले असते. पण जो रुग्ण आजच शस्त्रक्रियेच्या अटींत बसतो, त्याला आधी वर्षभर औषध देऊन पाहण्याचा खर्च कवचात यावा, एवढे सहाव्या कलमात घालायला हरकत नसावी. नियामकांचे कार्यालय नानकरामगुड्यात आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या संघांनी आणि मंडळांनी मिळून तिथे एक निवेदन द्यावे, असे आम्हाला वाटते.

सरकारी योजनांतून फार आशा नाही. राज्याची आरोग्यश्री १० लाखांपर्यंत आणि केंद्राची आयुष्मान ५ लाखांपर्यंत कवच देते. आयुष्मानमध्ये २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट नाही. पण दोन्हींचा रोख रुग्णालयातील उपचारांवर आहे. रेल्वे, टपाल, संरक्षण संशोधन अशा खात्यांतून निवृत्त झालेल्या आपल्या मंडळींना त्यांच्या आरोग्य योजनेतून घरी घ्यायची औषधे मिळतात. त्यांनी स्वतःच्या खिशात हात घालण्याआधी आपल्या दवाखान्यात तज्ज्ञांच्या शिफारशीसह रीतसर विचारावे, विशेषतः मधुमेह असेल तर. आणि ज्या ज्येष्ठांचा विमाच नाही, त्यांच्या औषधोपचारावर झालेला वर्षाचा ५०,००० रुपयांपर्यंतचा खर्च जुन्या करपद्धतीत वजा होतो. मुलाने आईवडिलांसाठी केलेला असला तरी. फक्त पैसे रोखीने दिलेले नसावेत आणि बिले जपून ठेवावीत.

खरा बदल मात्र विम्यातून नाही, बाजारातून येणार आहे. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. अनेक भारतीय कंपन्या ती संपण्याची वाट पाहत होत्या. डॉ. रेड्डीजला तर दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्येच, पेटंट नसलेल्या देशांत निर्यात करण्यासाठी हे औषध इथे बनवायला मोकळीक दिली. वेगोवीची किंमत पाच महिन्यांत का उतरली, याचे उत्तरही यातच शोधावे. मधुमेहाच्या एम्पाग्लिफ्लोझिन गोळीचे उदाहरण ताजे आहे. मार्च २०२५ मध्ये तिचे पेटंट संपले आणि साठ रुपयांच्या आसपासची गोळी काही कंपन्यांनी दहा रुपयांच्या आत आणली. इंजेक्शनात इतकी उडी धरून चालू नये. ते बनवणे अवघड, पेन वेगळे लागते, आणि कारखान्यापासून दुकानापर्यंत सगळा प्रवास थंड पेटीतून करावा लागतो. पेनऐवजी कुपी आणि सिरिंज घेतली तर स्वस्त पडते, पण मात्रा मोजून भरायला हात आणि डोळे चांगले हवेत. टिर्झेपटाइडचे पेटंट अजून बरीच वर्षे आहे, त्यामुळे ही स्वस्ताई सेमाग्लुटाइडपुरतीच समजावी. आणखी एक, या औषधांच्या पहिल्या किमतीवर सरकारचे बंधन नाही. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत नाव असेल तरच कमाल किंमत ठरवली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये हा गट मधुमेहासोबत हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार आणि लठ्ठपणा असलेल्या रुग्णांसाठी आपल्या यादीत घेतला. आपल्या यादीने तो घ्यावा यासाठी आता चांगले कारण आहे.

किंमत निम्मी झाली तरी एक हिशेब तसाच राहतो. औषध थांबवले की वजन परत येते. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. म्हणून ‘तीन महिने घेऊन बघू, मग सोडू’ ही योजना पैसे वाया घालवण्याची आहे. उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, परत येते ती मुख्यतः चरबी. साठी ओलांडलेल्यांना हे महागात पडते. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे नेहमीचे, स्वादुपिंडाचा दाह आणि पित्ताशयातले खडे हे क्वचितचे पण गंभीर त्रास. रक्ताच्या तपासण्या आणि डॉक्टरांच्या फेऱ्या यांचाही खर्च धरायला हवा. सुरू करण्याआधी निदान दोन वर्षांचा खर्च घरात बसून मांडावा. तो झेपत नसेल तर थांबण्यात बहुतेकांचे काही बिघडणार नाही. अर्थात हृदयविकार किंवा बेताल मधुमेह असेल तर थांबायचे की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

अमेरिकेतली मुले ‘इकडून पाठवतो’ म्हणतात. त्यांना सांगावे की आपल्याकडची किंमत आजच तिकडच्यापेक्षा कमी आहे. वेगोवीची तिथली छापील किंमत महिन्याला १,३४९ डॉलर राहिली आहे आणि २००३ च्या कायद्याने तिथल्या ज्येष्ठांच्या मेडिकेअरला केवळ वजनासाठीच्या औषधाचे पैसे देता येत नाहीत. त्यातून वाट काढण्यासाठी नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने कंपन्यांशी थेट किमतीचा करार केला. म्हणजे विम्याचे भांडण तिथेही मिटलेले नाही. शिवाय सामानातून आलेले इंजेक्शन वाटेत किती तापले, हे कोण सांगणार?

पेटंट संपल्यावर कोठीतल्या दुकानांत दहा नावांची इंजेक्शने दिसतील आणि समाजमाध्यमांवर ‘डॉक्टरांशिवाय मिळेल’ अशा जाहिरातीही. चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये आणि दुकानदाराकडून बिल घ्यावे, त्यावर बॅच क्रमांक हवा. नवा विमा घेताना किंवा बदलताना हे इंजेक्शन चालू असल्याचे प्रस्ताव अर्जात लिहावे. आधीपासूनच्या आजारासाठीची प्रतीक्षा २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे, ती भोगता येते. लपवलेली गोष्ट बायपासच्या वेळी बाहेर आली तर सगळा दावाच अडकतो. नूतनीकरणाची नोटीस येईल तेव्हा एजंटाला ओपीडीची मर्यादा किती, त्यात वजन नियंत्रण वगळले आहे का, आणि शस्त्रक्रियेच्या अटी पॉलिसीत कशा लिहिल्या आहेत, हे लेखी विचारावे. ज्यांना पॉलिसीची ती पाने वाचायला अवघड जातात त्यांनी ती घेऊन मंडळाच्या कार्यालयात यावे. विमा क्षेत्रात नोकरी केलेले आपले दोन-तीन सभासद ती समजावून द्यायला आनंदाने बसतील.