इस्पितळातला जंतू उंबरठ्याच्या आत

हुडहुडी भरून ताप, कमरेच्या एका बाजूला कळ आणि लघवीला जळजळ, ही मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग झाल्याची जुनी लक्षणे. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्यांचा आठवडाभराचा कोर्स हा त्यावरचा तितकाच जुना उपाय. तो आता भरवशाचा राहिलेला नाही. परिसरातील दहा टक्क्यांहून अधिक जंतू या गटातील औषधांना दाद देत नसतील, तर नुसत्या गोळीवर विसंबू नये, आधी दुसऱ्या औषधाचे इंजेक्शन द्यावे, असा दंडक अमेरिकी संसर्गरोगतज्ज्ञांनी २०११ मध्ये घालून दिला. आपल्याकडे लघवीत सापडणाऱ्या ई. कोलायच्या निम्म्याहून अधिक नमुन्यांवर ही औषधे चालत नाहीत. दहा टक्क्यांची वेस आपण केव्हाच ओलांडली आहे.

हे घडले कसे? ई. कोलाय हा मुळात आपल्या आतड्यातला रहिवासी. सर्दी-खोकल्यासाठी केमिस्टकडून परस्पर आणलेल्या प्रतिजैविकाचा सर्दीच्या विषाणूवर काहीच परिणाम होत नाही. आतड्यात मात्र ते दुबळे जंतू मारते आणि निगरगट्ट तेवढे मागे ठेवते. पुढे त्यांतलाच एखादा मूत्रमार्गाने वर चढतो. मूत्रपिंडाच्या दुखण्यात औषध निकामी ठरते, त्याची तयारी अशी भलत्याच आजारात झालेली असते. शिवाय हे जंतू प्रतिकाराची जनुके एकमेकांना देतात. सेफॅलोस्पोरिन गटातील औषधांचे तुकडे करणारे सीटीएक्स-एम-१५ हे विकर १९९९ मध्ये दिल्लीतील एका रुग्णालयातून घेतलेल्या जंतूंत प्रथम आढळले. आज ते इस्पितळाची पायरीही न चढलेल्या माणसांच्या जंतूंत सापडते.

मूत्राशयापुरताच संसर्ग असेल, तर १९५३ पासून वापरात असलेले नायट्रोफ्युरँटॉइन अजून चांगले काम देते. पण मूत्रपिंडाच्या मांसल भागात ते पुरेसे उतरत नाही. मग उरतात अमिकॅसिन किंवा मेरोपेनेम यांसारखी इंजेक्शने. हा आजार स्त्रियांना अधिक होतो. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला दवाखान्यात काढावे लागणारे दिवस म्हणजे तितक्या दिवसांची मजुरी बुडणे.

सरकारने मार्च २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूची लागू केली. तीतील औषधे विकताना डॉक्टर आणि रुग्णाचे नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपण्याचे बंधन केमिस्टवर आले. नियम चांगलाच आहे. पण लघवीची कल्चर तपासणी केली का, हे ती वही विचारत नाही. आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात, तापाने फणफणलेल्या रुग्णाला तोवर थांबवणार कसे, असा डॉक्टरांचा सवाल असतो. थांबवू नयेच. नमुना आधी घ्यावा, औषध लगेच सुरू करावे आणि अहवाल आल्यावर गरजेप्रमाणे ते बदलावे. एकदा प्रतिजैविक पोटात गेले, की नंतरच्या नमुन्यात जंतू वाढेलच याची खात्री नसते. तालुक्याला प्रयोगशाळा नाही, ही अडचण खरी आहे. परंतु शीतपेटीत ठेवलेला लघवीचा नमुना २४ तास चालतो, आणि जिल्ह्याला जाणाऱ्या एसटीला एवढा वेळ लागत नाही.