एकशे सात की एकशे साठ?

बोर्ली पंचतनसारख्या गावातली एक आजी डोळ्यांसमोर आणा. सुपारीच्या वाडीतून चालत ती उपकेंद्रात आली आहे. तज्ज्ञ डॉक्टर गाठायचे तर अलिबाग किंवा मुंबई. दिघीहून फेरीबोटीने राजपुरीची खाडी ओलांडा, नाहीतर वळसा घालून एसटीने जा. दिवस मोडतो तो मोडतोच. म्हणून समुदाय आरोग्य अधिकारी तिला टेबलाशी बसवतात, संगणक सुरू करतात आणि ‘ई-संजीवनी’वरून दूरच्या डॉक्टरांशी जोडून देतात. डॉक्टर विचारतात, “आजी, उपाशीपोटी साखर किती होती?” आजी सांगते, “एकशे सात.” पलीकडे ऐकू जाते, “एकशे साठ.”

फरक एका अक्षराचा आहे, पण वैद्यकीयदृष्ट्या तो मोठा आहे. उपाशीपोटी १०७ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरची साखर; आहार, चालणे आणि पुन्हा तपासणी एवढ्यावर भागते. १६० म्हणजे १२६ची रेषा बरीच ओलांडलेली, औषधाचा विचार सुरू करायला लावणारी. हातात तपासणीचा कागद असेल तर घोळ होत नाही. पण खेड्यातला रुग्ण कागद घरी विसरतो, भिजवतो, हरवतो. मग उरतो तो आवाज. आणि त्या आवाजात टेबलावरच्या छोट्या संगणकाचा पंखा आपली घुंई मिसळत असतो.

पंख्याच्या आवाजाकडे सहसा दोन टोकांनी पाहिले जाते. काहींना तो अगदीच क्षुल्लक वाटतो, तर काहींना त्याने बहिरेपण येईल अशी भीती वाटते. दोन्ही समज चुकीचे आहेत. कानाच्या पेशींना इजा होण्याचा धोका ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास राहिल्यावर सुरू होतो. संगणकाचा पंखा ३० ते ४५ डेसिबलच्या आसपास असतो. त्याने कान जात नाहीत. त्याने जाते ते बोलण्यातले नेमके अक्षर, अभ्यासातले लक्ष आणि रात्रीची सलग झोप.

अक्षर कसे जाते, हे समजून घेण्यासारखे आहे. बोलण्याची ताकद स्वरांमध्ये असते, पण अर्थ बराचसा व्यंजनांवर टिकलेला असतो. ‘सात’ आणि ‘साठ’ यांतला ‘सा’ खणखणीत ऐकू येतो. शेवटचा ‘त’ की ‘ठ’ हे ठरवणारा स्फोट क्षणभराचा, दुबळा आणि वरच्या पट्टीतला असतो. वय वाढते तशी कानाची वरची पट्टी आधी कमी होते. म्हणून अनेक वृद्ध म्हणतात, “आवाज येतो, पण काय बोलले ते कळत नाही.” त्यात पंख्याची सळसळ मिसळली की उरलेली व्यंजनेही झाकली जातात. कॉलवरचे सॉफ्टवेअर मागचा आवाज गाळते खरे, पण गाळताना कधी कधी त्याच बारीक व्यंजनांची धारही बोथट करते. हे दोन्ही बाजूंनी घडते. आजीचे म्हणणे डॉक्टरांपर्यंत अर्धे पोहोचते आणि “सात दिवस गोळी घ्या” हे डॉक्टरांचे वाक्य आजीपर्यंत अर्धे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार वर्गात शिकवणे नीट कळावे म्हणून तिथला मागचा आवाज ३५ डेसिबलच्या वर जाऊ नये आणि झोपायच्या खोलीत सलग आवाज ३० डेसिबलच्या आत असावा. आपल्याकडच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, पण ती बाहेरच्या परिसरासाठी. घरातल्या पंख्याला कोणी पोलीस विचारत नाही. म्हणून तो विचार खरेदी करणाऱ्यालाच करावा लागतो.

इथे एक शंका रास्त आहे. कोकणात वर्षातले निम्मे महिने छताचा पंखा फिरत असतो, त्याचाच आवाज मोठा. मग संगणकाच्या पंख्याचे काय एवढे? याचे उत्तर आवाजाच्या जातीत आहे. छताच्या पंख्याचा आवाज जाड, खालच्या पट्टीतला आणि एकसारखा असतो. मेंदू त्याला लवकर सरावतो. छोट्या डब्यातला छोटा पंखा मिनिटाला हजारो फेरे घेतो. पात्यांची संख्या आणि सेकंदाला होणारे फेरे यांच्या गुणाकाराइतक्या कंपनसंख्येचा सूर त्यातून निघतो. सात पात्यांचा ४० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला ६,००० फेरे घेतो तेव्हा ७०० हर्ट्झचा सूर उमटतो, त्याच्या पटीतले वरचे सूर वेगळेच. डासाच्या गुणगुणीसारखा तो छताच्या पंख्याच्या आवाजातूनही वर येतो. शिवाय काम वाढले की तो वेग घेतो, कमी झाले की उतरतो. झोपलेल्या माणसाला एकसारख्या आवाजापेक्षा ही चढउतार जास्त चाळवते. दहावी-बारावीचा मुलगा ज्या खोलीत रात्री संगणकावर बसतो, त्याच खोलीत आजी-आजोबा झोपलेले असतात, हे आपल्या घरांचे वास्तव आहे.

मग उपाय काय? बाजारात आता छोटे संगणक मुबलक आहेत. अवघ्या १७ सेंटिमीटर चौरस मदरबोर्डवर पूर्ण संगणक उभा राहतो. जागा वाचते, म्हणून घरात, दुकानात, सेतू केंद्रात तो सोयीचा. पण डबा लहान झाला की पंखाही लहान आणि पातळ होतो. नेहमीचा पंखा २५ मिलिमीटर जाड असतो, पातळ पंखा १५ मिलिमीटर किंवा त्याहून थोडा कमी. पातळ पंख्याच्या पात्याला हवा ढकलायला खोली कमी मिळते; तेवढीच हवा द्यायची तर त्याला जास्त वेगाने फिरावे लागते. आणि वेगाची किंमत जबर आहे. पंख्याचा वेग दुप्पट केला तर आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो. दर १० डेसिबलला कानाला आवाज सुमारे दुप्पट मोठा वाटतो, हे लक्षात घेतले की त्या १५ डेसिबलचा अर्थ कळतो.

म्हणून पहिला नियम असा: आधी व्यास पाहावा, मग जाडी. डब्यात ९२ मिलिमीटरऐवजी १२० मिलिमीटरचा पंखा बसत असेल तर तोच घ्यावा. सारख्या घडणीच्या पंख्यांत १२०चा पंखा निम्म्याहून कमी वेगात तेवढीच हवा देतो. हिशेबाने आवाज सुमारे ९ डेसिबलने उतरतो. १२० मिलिमीटर रुंद आणि १५ मिलिमीटर जाड असा पातळ पंखा हा छोट्या डब्यासाठी बहुतेक वेळा चांगला तोडगा ठरतो.

दुसरा नियम पातळ पंख्याच्या बाजूचा आहे. जाड पंखा म्हणजे नेहमी शांत पंखा असे नाही. २५ मिलिमीटरचा पंखा डब्याच्या जाळीला घट्ट चिकटून बसला, तर हवा जाळीच्या भोकांतून फाटत पात्यांवर येते आणि तो घोंघावतो. त्याच जागी १५ मिलिमीटरचा पंखा बसवून वाचलेले १० मिलिमीटर जाळी आणि पंख्यामध्ये मोकळे सोडले, तर अनेकदा आवाज कमी होतो. पंख्याला हवा घ्यायलाही जागा लागते, फक्त सोडायला नाही.

तिसरा नियम खोक्यावरच्या आकड्याचा. पंख्याच्या खोक्यावर छापलेले डेसिबल बहुधा मोकळ्या हवेत, मीटरभर अंतरावर मोजलेले असतात. टेबलावरचा संगणक अर्ध्या मीटरवर असतो. अंतर निम्मे झाले की आवाज ६ डेसिबलने वाढतो, आणि डब्यात बसवल्यावर आणखी. तेव्हा आकड्यांची तुलना एकमेकांशी करावी, कानाशी नाही. चार तारांचा, वेग आपोआप बदलणारा पंखा घ्यावा. तो बसवणाऱ्याला दोन गोष्टी सांगाव्यात: साध्या कामात वेग कमीच राहू दे, आणि क्षणाक्षणाला चढउतार होऊ नये म्हणून वेग बदलण्यात थोडा उशीर ठेव. ही सोय बहुतेक मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये असते आणि तिला पैसे पडत नाहीत.

चौथा नियम किनाऱ्यावरच्या गावांसाठी. परदेशी चाचण्या बहुधा थंड खोलीत केलेल्या असतात. मे महिन्यात श्रीवर्धन तालुक्यातल्या कौलारू किंवा पत्र्याच्या घरात दुपारी खोलीच ३३-३४ अंशांवर असते, म्हणजे पंख्याला आत मिळणारी हवाच दहा-बारा अंशांनी गरम. तिथे ‘शांत’ म्हणून गाजलेला पंखाही धापा टाकतो. त्यात खारी हवा. मीठ ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की हवेतले पाणी ओढून विरघळू लागते, आणि कोकणातला पावसाळा तर त्या रेषेच्या वरच असतो. पंख्याने आत ओढलेली धूळ आणि मीठ यांचा ओलसर थर बोर्डावर बसतो आणि धातू गंजतो. पंखा जितका जोरात, तितकी ही धूळ जास्त. म्हणजे सावकाश फिरणारा पंखा कानासाठी चांगला आणि संगणकासाठीही. स्वस्त साध्या बेअरिंगचे तेल उष्णतेने लवकर सुकते आणि पंखा घरघरू लागतो. दोन पैसे जास्त देऊन चांगल्या बेअरिंगचा घ्यावा.

घरच्या सवयीही बदलायला हव्यात. धूळ बसू नये म्हणून संगणकावर भरतकामाचा रुमाल घालतात आणि सुरू करताना तो तसाच राहतो. डबा बंद कपाटात ठेवला जातो. त्यामुळे पंख्याचे सारे गणित फसते. डब्याभोवती चार बोटे जागा मोकळी हवी. पंखा बसवताना रबरी खुंट्या वापरल्या तर पत्र्याची थरथर टेबलात उतरत नाही. आणि कोकणात पावसाआधी आगोटीची कामे ठरलेली असतात: लाकडे भरणे, मसाले, सुकी मासळी, कौले शाकारणे. त्या यादीत संगणकाची साफसफाईही घालावी. वीज बंद करून, पाते बोटाने धरून, मऊ ब्रशने धूळ काढावी. अर्ध्या तासाचे काम आहे.

खरा मुद्दा मात्र सार्वजनिक खरेदीचा आहे. नोंदी, टंकलेखन आणि व्हिडिओ कॉल एवढ्याच कामासाठी उपकेंद्राला जोरदार प्रोसेसर लागत नाही. १० ते १५ वॅट खाणारा प्रोसेसर आणि फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी असलेला छोटा संगणक त्याला पुरतो. इतकी कमी उष्णता मोठ्या संथ पंख्यावर, कधी कधी नुसत्या धातूच्या पंखांच्या कवचावर निभावते. असा संगणक वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर जास्त वेळ चालतो. ३ जून २०२०च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या भागांनी कित्येक दिवस अंधार काढला. कमी विजेवर चालणाऱ्या यंत्राचे मोल इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

संगणक मागवताना मेमरी किती, डिस्क किती, पडदा किती इंचांचा हे यादीत आवर्जून लिहिले जाते. त्याच यादीत आवाजाची एक ओळ असावी. माहिती-तंत्रज्ञानाच्या उपकरणांचा आवाज कसा मोजावा यासाठी ‘आयएसओ ७७७९’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहेच. त्यानुसार मोजलेला आकडा पुरवठादाराकडे मागावा. रुग्णाशी बोलायच्या संगणकाला ३० डेसिबलच्या आसपासची अट घातली, तर खर्च फारसा वाढणार नाही. शाळेच्या संगणक कक्षालाही तोच न्याय लावावा, कारण तिथे वीस डबे एकत्र चालतात.

तोपर्यंत उपकेंद्रांत एक साधी पद्धत पाळता येईल. डबा माइकपासून हातभर लांब, टेबलाच्या खालच्या फळीवर ठेवावा. रुग्णाला हेडफोन द्यावा. आणि आकडा सांगताना तो दोनदा, सुटा करून सांगावा आणि पलीकडून परत वदवून घ्यावा: “एकशे सात. एक, शून्य, सात.” पंखा कितीही चांगला असला तरी ही सवय सोडू नये. पण आजीला आपले दुखणे ओरडून सांगावे लागू नये, एवढी शांतता तिच्या समोरच्या यंत्राने राखायलाच हवी.